रकाना क्रमांक तीन

जानेवारीच्या सोळा तारखेला ती माझ्या खिडकीशी आली
अंगात पातळ टी-शर्ट,
आणि इकडे आम्ही सारे स्वेटरात, कानाला मफलर.
अकरा डिग्री होती नागपुरात.
ती म्हणाली, छान उन्हाळा आहे तुमचा.

मंगोलिया. भूगर्भशास्त्र. एक सत्र.
मी फॉर्म उघडला.
रकाना एक, नाव : नेर्गुई.
रकाना दोन, वडिलांचं नाव : गानबात.
रकाना तीन, आडनाव.
ती म्हणाली, संपलं, एवढंच वापरतो आम्ही.
मी म्हटलं, संपत नाही बाई, लाल चांदणी आहे इथं,
हे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
तिनं खांदे उडवले.
मी बापाला दोनदा लिहिलं.
नेर्गुई गानबात गानबात.
सर्व्हरनं मुकाट घेतलं.

मेसमधली बेबीताई
तिच्या चहात मीठ टाकायला शिकली, तोंड वाकडं करून :
"काहून वं, साखर महाग झाली का तुमच्याकडं?"
मार्चात ती पोरींसोबत तर्री पोहे खाऊन रडली
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.
एप्रिलात चादर ओली करून कूलरसमोर निजायची.
भिजलेल्या खसाला म्हणायची,
आमच्या रानाला असाच वास येतो, पाऊस होऊन गेल्यावर.

मे महिन्यात हॉस्टेल रिकामं केलं, प्रकल्प तिचा राहिलेला.
खोली बघायला मी सोबत गेले,
कारण तिची मराठी "हो जी" आणि "अजून एक पोळी" एवढीच.
घरमालकीण बरी होती. पन्हं दिलं.
तिला विचारलं, बर्फ खरंच पडतो का हो?
मला विचारलं, आडनाव काय तुमचं?
मी सांगितलं.
पेला अजून अर्धा होता माझ्या हातात
तेवढ्यात त्यांना आठवलं,
खोली भाच्यासाठी ठेवलेली आहे.

शंकरनगरच्या चौकापर्यंत आम्ही बोललो नाही.
डांबर चपलेला धरत होतं.
मग ती म्हणाली, मी मांस खाते म्हणून?
नाही, म्हटलं. नावामुळे.
तिला वाटलं, तिच्या.
आणि आपणहून सांगत सुटली
की नेर्गुई म्हणजे "नाव नाही".
आधीचे दोन भाऊ गेले,
ही झाली तेव्हा आजीनं मुद्दाम असं ठेवलं,
म्हणजे रात्री जे काही न्यायला येतं
त्याला दारात विचारताच येऊ नये, अमकी कुठाय.

मी रसवंतीच्या बाकावर बसले.

माझ्या बापाचं नाव उकंडराव.
त्याच्या आधीची तीन गेली,
मग आजीनं त्याला उकिरड्यावर लोळवून आणलं,
म्हणे, हे आमचं नव्हेच, सापडलं.
शाळेत हजेरीला ते नाव आलं की मी पेन्सिल शोधायची दप्तरात.
पुढे नुसतं यू. लिहायला लागले.

हे मी कुणाला सांगत नाही.
तिनं तीनदा म्हणून पाहिलं : उकंडराव, उकंडराव,
तिच्या तोंडी ते एखाद्या नदीचं वाटलं.
म्हणाली, म्हणजे तो वाचला.
हो, म्हटलं.
वाचला. छत्तीस वर्षं गिरणीत होता.

शेवटचा महिना ती आमच्याकडे राहिली, इंदोऱ्यात,
माझ्या आईच्या पलंगाशेजारी खाली.
सकाळचा पहिला चहा अंगणात आभाळाकडे शिंपडायची.
आई म्हणे, दुधाचा भाव माहीत आहे का या पोट्टीले?
चौथ्या दिवसापासून तो कप
आईच भरून द्यायला लागली.

आता जुलै.
इथिओपियाहून एक मुलगा आलाय,
पासपोर्ट दोन्ही हातांत, कपाळावर घाम.
नाव झालं, बापाचं झालं,
कर्सर तिसऱ्या रकान्यात उघडझाप करतोय.
मी खुर्ची ओढून दिली.
बस, म्हटलं.
पाणी पी आधी.